थापाड्या म्हणून हिरोडोटसला कट्ट्यावरून हाकलू का?

पत्र थोडक्यात: नाशिकच्या एका ताईंचं पत्र आहे. वय ५९, बँकेतून रिटायर, शेवटची बरीच वर्षं होम लोनच्या टेबलावर. सोसायटीच्या हॉलमध्ये दर दुसऱ्या रविवारी पंधरा-सोळा जणींचा वाचनकट्टा भरतो आणि गेले सहा महिने ताई तिथे हिरोडोटस हा प्राचीन ग्रीक इतिहासकार वाचून त्यातल्या गोष्टी सांगतायत. मागच्या वेळी त्यांनी ग्रीसवर चालून आलेल्या पर्शियाच्या झर्क्सीज राजाच्या बावन्न लाखांच्या फौजेचं सांगितलं. तेव्हा एकीला न्यायला आलेला तिचा इंजिनिअरिंगचा भाचा दारातूनच म्हणाला, "मावशी, हा एक नंबरचा थापाड्या आहे, त्याच्या काळातच लोक त्याला खोटारडा म्हणायचे." रात्री ग्रुपवर व्हिडिओही पडला. मग दोघी-तिघींनी विचारलं, म्हणजे सहा महिने आपण ऐकलं ते काय होतं? ताई लिहितात, "मला अगदी शरमल्यासारखं झालंय. हिरोडोटस बंद करून फक्त त्याच्यानंतरचा ग्रीक इतिहासकार थुसिडिडीज घेऊ का? तो सायंटिफिक आहे म्हणतात, शिवाय अथेन्स-स्पार्टाचं युद्ध त्याने स्वतः पाहिलेलं. की ग्रीकांचा नादच सोडू? कट्ट्याची माफी मागू का? कोणावर विश्वास ठेवायचा ते एकदा सांगून टाका."

ताई, नमस्कार.

पत्र वाचताना आधी हसू आलं, तुमच्यावर नाही, स्वतःवर. नोकरीला लागले त्या पहिल्याच वर्षी मी वर्गात मॅरेथॉनची गोष्ट अगदी रंगवून सांगितली होती, तो धावपटू रणांगणावरून अथेन्सपर्यंत पळत येतो, 'आपण जिंकलो' म्हणतो आणि तिथेच कोसळतो, वर्ग एकदम चिडीचूप, मी माझ्यावरच खूश. मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, मॅडम हे कुठे लिहिलंय? मी बेधडक सांगितलं, हिरोडोटसमध्ये. रात्री घरी पुस्तक उघडलं तर त्यात ते नव्हतंच. हिरोडोटसचा फिडिपिडीज लढाईच्या आधी पळतो, अथेन्सहून स्पार्टाला, मदत मागायला, सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर, आणि दुसऱ्या दिवशी पोचतो, तर स्पार्टावाले म्हणतात पौर्णिमा होईपर्यंत आम्हाला निघता येत नाही. तो धाप लागून मरणारा माणूस भेटतो प्लुटार्क आणि ल्युशन या लेखकांकडे, म्हणजे लढाईनंतर जवळपास सहाशे वर्षांनी, आणि प्लुटार्क तर त्याचं नावही वेगळंच देतो. मुंबई मॅरेथॉनला लोक जे ४२ किलोमीटर पळतात ना, ते त्या उशिरा आलेल्या गोष्टीच्या मागे पळतात, हिरोडोटसच्या नाही. म्हणजे त्या दिवशी वर्गात थाप मी मारली होती आणि नाव त्याचं घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन सांगितलं, कोणी मेलं नाही त्याने.

आता तुमचा प्रश्न. कोणावर विश्वास ठेवायचा, या विचारण्यातच जरा गडबड आहे असं मला वाटतं. तुम्ही इतकी वर्षं होम लोनच्या फाइली पाहिल्यात. समोर बसलेला माणूस सज्जन दिसतो म्हणून सँक्शन करत होतात का? सॅलरी स्लिप वेगळी बघायची, जागेच्या कागदांचा सर्च रिपोर्ट वकिलाकडून यायचा, व्हॅल्युएशन तिसराच कोणी करायचा, आणि कितीदा असं झालं असेल की पगार शंभर टक्के खरा आणि जागेची किंमत मात्र फुगवलेली, तीही त्याच फाइलमध्ये, त्याच माणसाची. मग तुम्ही सगळी फाइल खोटी म्हणून फेकून दिलीत का? नाही, किमतीवर लाल पेनने गोल केलात आणि बाकीचं पुढे नेलंत. हिरोडोटसची फाइल डिट्टो अशीच आहे हो. वाक्यागणिक तपासायची, आणि दर वाक्याला दोनच गोष्टी विचारायच्या, की हे याला कळलं कसं असेल, आणि हे ताडून बघायला याच्याबाहेरचं दुसरं काही आहे का.

ती बावन्न लाखांची एन्ट्रीच घेऊ. नेमका आकडा ५२,८३,२२०. एवढ्या गर्दीत शेवटचे वीस कोणी मोजले, असा प्रश्न तुम्हाला पडायलाच हवा होता, पण गंमत बघा, हा आकडा कुठून आला ते हिरोडोटस अजिबात लपवत नाही. थ्रेसमध्ये डोरिस्कसच्या मैदानावर म्हणे दहा हजार माणसं खेटून उभी केली, त्यांच्याभोवती रेघ मारली, मग माणसं बाहेर काढून त्या रेघेवर बेंबीएवढी भिंत घातली आणि त्या कुंपणात लोक भरायचे, रिकामं करायचं, पुन्हा भरायचे, असं १७० वेळा केलं, झाले सतरा लाख. (मी एकदा हिशेब केला, चौरस मीटरला चार माणसं धरली तर दहा हजारांना साधारण छप्पन्न मीटर व्यासाचं वर्तुळ लागतं, वनडेत फील्डरसाठी तीस यार्ड त्रिज्येचं सर्कल असतं ना, जवळपास तेवढं.) मग त्यात १,२०७ युद्धनौकांवरची माणसं, प्रत्येकीवर २०० वल्हेकरी आणि वर ३० शिपाई, मग छोटी जहाजं, घोडदळ ८०,०००, उंटवाले आणि रथवाले २०,०००, वाटेत युरोपातले जोडले गेले ते तीन लाख असा अंदाज, सगळी बेरीज २६,४१,६१०. आणि नोकरचाकर, मालवाहू होड्यांवरची माणसं? ती लढणाऱ्यांइतकीच असतील, कमी नाहीत, असं म्हणून त्याने सरळ दुप्पट केलं! कॅल्क्युलेटरवर करून बघा, बरोब्बर ५२,८३,२२० येतात.

पुढे तर अजून मजा आहे. एवढ्यांना रोज धान्य किती लागेल तेही तो काढतो, माणशी एक खोयनिक्स म्हणजे त्यांचं एक माप, अशा ४८ मापांचा एक मेडिम्नस, आणि उत्तर देतो १,१०,३४० मेडिम्नस. खरं उत्तर आहे १,१०,०६७. दोनशे त्र्याहत्तरची चूक, तुमचं कॅश बुक असतं तर रात्री आठपर्यंत कोणाला घरी जाऊ दिलं नसतंत. आणि एवढं करून तो काय म्हणतो, तर फौजेच्या पाणी पिण्याने नद्या आटल्या याचं मला नवल वाटत नाही, एवढ्यांना धान्य पुरलं कसं याचं वाटतं. म्हणजे त्यालाही कुठेतरी खटकतंय. आजचे अभ्यासक लाख, दोन लाख, फार तर तीन लाखांवर येतात आणि काही त्याच्याही खाली. तेव्हा भाचा आकड्याबाबत बरोबर आहे, ते त्याला देऊन टाका. पण हा आकडा आपल्याला खोडता येतो तो हिरोडोटसनेच वर्किंग दाखवलं म्हणून. गणिताच्या पेपरात फक्त उत्तर लिहिणाऱ्या मुलाची चूक कुठे झाली ते कळतच नाही.

त्याच माणसाचे दुसरे आकडे बघा. मॅरेथॉनच्या लढाईत, इ.स.पू. ४९० मध्ये, अथेन्सची १९२ माणसं पडली आणि पर्शियाची ६,४००. यातल्या १९२ वर कोणी फारसं भांडत नाही. आपली मेलेली माणसं मोजावीच लागतात, त्यांना आईबाप असतात, तिथे त्यांच्या थडग्यावर नावं कोरलेले दगड उभे होते आणि सहाशेहून जास्त वर्षांनी पाउसॅनियस नावाचा प्रवासी तिथे गेला तेव्हाही त्याने ते पाहिले. शत्रूची प्रेतं मात्र जिंकणारा मोजतो. एकाच वाक्यातले दोन आकडे आणि दोघांची पत वेगळी, हे कट्ट्यावर सांगून बघा, कोणालाही पटकन कळतं.

आता त्याने जे खरं सांगितलं पण स्वतःच मानलं नाही, ते. इजिप्तचा राजा नेको, इ.स.पू. ६०० च्या आसपासचा, याने फिनिशियन खलाशांना तांबड्या समुद्रातून आफ्रिकेला वळसा घालायला पाठवलं. ते दर शरद ऋतूत कुठेतरी किनाऱ्याला लागायचे, धान्य पेरायचे, पीक काढून पुढे निघायचे, आणि तिसऱ्या वर्षी जिब्राल्टरकडून परत इजिप्तला आले. हिरोडोटस लिहितो, की हे लोक सांगतात आफ्रिकेला वळसा घालताना सूर्य त्यांच्या उजव्या हाताला होता, कोणी मानत असेल तर मानो, मी काही मानत नाही. आता जरा डोळ्यांसमोर आणा. विषुववृत्ताच्या बरंच खाली गेलं की दुपारचा सूर्य उत्तरेला दिसतो, आणि पश्चिमेकडे तोंड करून चाललात तर उत्तर येते उजव्या हाताला! भूमध्य समुद्राकाठी बसून कोणाला ही थाप सुचणं कठीण आहे. तो प्रवास झालाच असं छातीठोकपणे सगळे म्हणत नाहीत, पण बाजूने सगळ्यात मोठा पुरावा कुठला, तर हिरोडोटसला खोटं वाटलेलं ते वाक्य. तो शहाणपणा करून ते गाळता तर आपल्या हाती काही उरलं नसतं. म्हणून त्याचा जो नियम आहे, लोक सांगतात ते सांगणं माझं काम, पण ते सगळं मानलंच पाहिजे असं नाही आणि हे माझ्या सगळ्या लिखाणाला लागू धरा, असं तो सातव्या पुस्तकात स्वतः म्हणतो, तो नियम मला तरी थापाड्याचा वाटत नाही.

आणि ती नाव. दुसऱ्या पुस्तकात त्याने नाइलवरच्या मालवाहू नावेचं वर्णन केलंय, बाभळीच्या जातीच्या लाकडाचे दोन-दोन हातांचे तुकडे, विटा रचाव्यात तसे रचलेले, आतून लांब खुंट्यांनी ओवलेले, आणि सुकाणूचं वल्हं थेट खालच्या कण्यातून आरपार गेलेलं. शंभर-दीडशे वर्षं विद्वान या वाक्यांवर डोकं खाजवत होते, अशी नाव कोणी पाहिलीच नव्हती. मग अलेक्झांड्रियाजवळ पाण्याखाली गेलेल्या थोनिस-हेराक्लियन या बंदरात जहाजांचे सांगाडे मिळाले आणि त्यातल्या सतराव्या जहाजाचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला, तर बांधणी जवळपास त्याने लिहिल्याबरहुकूम. बंदरात उभं राहून, सुताराला काम करताना बघून लिहिलंय हे. डोरिस्कसच्या मैदानावर मात्र तो नव्हता, फौज गेली तेव्हा तो जेमतेम चारएक वर्षांचं पोर असेल. कळलं ना मी का म्हणते, याला हे कळलं कसं असेल हे आधी विचारा म्हणून?

अजून एक, कारण याला आपल्या मुंबईचा धागा आहे. पर्शियाचा राजा डरायस गादीवर कसा आला, सात सरदारांनी मिळून गादीवरच्या तोतयाला कसं मारलं, ही हिरोडोटसची गोष्ट अगदी नाटकासारखी वाटते. इराणात बेहिस्तूनच्या कड्यावर डरायसने स्वतःच तीन भाषांत आपली बाजू कोरून ठेवलीय, आणि त्या कड्यावर चढून ती अक्षरं उतरवून घेणारा हेन्री रॉलिन्सन हा १८२७ मध्ये कंपनीच्या मुंबई लष्करात आलेला पोरगा. लेख वाचता आला तेव्हा डरायसच्या सहा साथीदारांची नावं हिरोडोटसशी ताडली, सहापैकी पाच जुळली. ग्रीक माणसाने, त्या घटनेनंतर सत्तरएक वर्षांनी, परक्या दरबारातली नावं मिळवली होती. आता हेही खरं, की डरायसने कोरलेलं म्हणजे तरी काय, राज्य बळकावणाऱ्याचं स्वतःचंच निवेदन. नावं जुळली म्हणून तोतयाची गोष्ट खरी ठरत नाही, दोघांनी एकच सरकारी गोष्ट ऐकलेली असू शकते. दगडावर आहे म्हणजे खरं, असंही धरून चालू नका.

'त्याच्या काळातच लोक खोटारडा म्हणायचे' यावर दोन शब्द, कारण व्हिडिओवाल्यांचं हे आवडतं वाक्य आहे. म्हणायचे कोण? एक टेसियस, हिरोडोटसनंतरच्या पिढीतला, पर्शियाच्या राजाचा खासगी वैद्य. हा म्हणाला हिरोडोटस खोटं लिहितो, मी दरबारात राहिलोय, मला माहितीय. याच टेसियसच्या हकिगतीत झर्क्सीजच्या स्वारीतली प्लाटियाची लढाई सॅलॅमिसच्या आधी येते, म्हणजे क्रमच उलटा, आणि भारताबद्दल लिहिताना हा माणसाचं तोंड असलेला नरभक्षक पशू आणि एका पायाची माणसं घेऊन येतो. तेव्हा 'प्रत्यक्ष पाहिलंय' या शिक्क्यावर तुम्ही जो एवढा भरवसा टाकताय ना ताई, तो जरा आवरा, टेसियसकडे तो शिक्का होता. दुसरा प्लुटार्क, त्याने हिरोडोटसच्या खवचटपणावर अख्खा निबंध लिहिला, पण तो साडेपाचशे वर्षांनंतरचा, आणि ग्रीसमधल्या बिओशिया प्रांताचा. हिरोडोटसने थीब्ज आणि बिओशियाच्या लोकांना पर्शियाचे लाळघोटे दाखवलंय, ते याला झोंबलेलं. (आपल्याकडे बखरीत कोणाच्या पणजोबाला काय म्हटलंय यावरून जे होतं तेच.) रोमन वक्ता सिसेरोने मात्र एकाच वाक्यात त्याला इतिहासाचा जनकही म्हटलं आणि त्याच्याकडे दंतकथा अगणित आहेत असंही, आणि मला वाटतं भाच्याचं आणि तुमचं भांडण त्या एका वाक्यात मिटतंय.

थुसिडिडीजकडे येते, कारण तुमचं मन तिकडे ओढ घेतंय आणि मला तिथेच जास्त सावध करायचंय. तो ग्रेट आहे यात वादच नाही. पण 'युद्ध स्वतः पाहिलं' म्हणजे किती? इ.स.पू. ४२४ मध्ये तो अथेन्सचा सेनापती होता, थासोस बेटाजवळ, अथेन्सच्या ताब्यातल्या अँफिपोलिस शहरापासून अर्ध्या दिवसाच्या अंतरावर. स्पार्टाचा ब्रॅसिडस अँफिपोलिसच्या दारात आला, निरोप मिळाला, हा सात जहाजं घेऊन निघाला आणि संध्याकाळी पोचला तोवर शहर गेलेलं, शेजारचं आयॉन बंदर तेवढं वाचवलं. अथेन्सने त्याला वीस वर्षं हद्दपार केलं. आता हा सगळा प्रसंग आपल्याला सांगतो कोण? तोच! तृतीय पुरुषात, अगदी थंडपणे, सफाई न देता, आणि नेमकं त्यामुळेच वाचणाऱ्याला वाटतं किती निःपक्षपाती. ज्याच्यावर चौकशी बसली त्यानेच अहवाल लिहिलाय आणि दुसरी प्रत उपलब्ध नाही, एवढं लक्षात ठेवून वाचा म्हणजे झालं. (हद्दपारीचा फायदाही झाला म्हणा, दोन्ही बाजूंच्या लोकांना भेटता आलं असं तो स्वतःच सांगतो.)

भाषणांचं तर त्याने पहिल्याच पुस्तकात कबूल केलंय, की शब्दन्‌शब्द लक्षात ठेवणं मला आणि मला सांगणाऱ्यांना कठीण होतं, म्हणून प्रत्यक्ष बोलल्याच्या एकूण आशयाला धरून, त्या प्रसंगी जे बोलायला हवं होतं असं मला वाटलं ते मी त्यांच्या तोंडी घातलं. अथेन्सचा पुढारी पेरिक्लीज याचं ते प्रसिद्ध भाषण, शाळाकॉलेजात वक्तृत्वाला पाठ करतात ते, त्यातलं पेरिक्लीजचं किती आणि थुसिडिडीजचं किती हे वेगळं काढायची सोयच नाही. मी वर्गात 'पेरिक्लीज म्हणाला' असं म्हणणं सोडून दिलं, 'थुसिडिडीजचा पेरिक्लीज म्हणतो' म्हणायची सवय लावून घेतली, जीभ अडखळते पण बरं पडतं.

आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. सॅलॅमिसच्या लढाईत कॉरिंथचा अॅडिमँटस सुरुवातीलाच पळाला, असं हिरोडोटस लिहितो, पण कसं लिहितो, तर हे अथेन्सवाले सांगतात, कॉरिंथवाले म्हणतात आम्ही तर पहिल्या फळीत होतो, आणि बाकीचा ग्रीस कॉरिंथच्या बाजूने साक्ष देतो. तीन साक्षी, तिघांची गावं. थुसिडिडीज पडद्यामागे हे सगळं ऐकतो, स्वतः ठरवतो आणि आपल्याला एकच तयार हकिगत देतो, कोणाकडून ऐकलं ते बहुतेक वेळा सांगतच नाही. मेकर तोच, चेकर तोच, म्हणजे नोंद करणाराही तो आणि तपासणाराही तो. वाचायला ठाम वाटतं म्हणून आपण त्याला सायंटिफिक म्हणतो आणि जो बिचारा सगळी व्हाउचर टेबलावर मांडून बसलाय त्याला थापाड्या.

थुसिडिडीज पडताळून बघता येतो तिथे मात्र तो भक्कम निघतो, हेही सांगायला हवं. इ.स.पू. ४२० मध्ये अथेन्स, आर्गोस, मँटिनिया आणि एलिस यांचा करार झाला, त्याची कलमं त्याने पाचव्या पुस्तकात दिलीत, आणि अथेन्सला त्याच कराराचा कोरलेला दगड तुकड्यात का होईना सापडलाय, किरकोळ शब्द इकडेतिकडे सोडले तर मजकूर तोच. सिसिलीच्या मोहिमेत अथेन्सचा सेनापती निसियस चंद्रग्रहणाला घाबरून थांबला आणि सगळी फौज बुडवून बसला, ते ग्रहण खगोलशास्त्रज्ञ गणिताने काढतात, २७ ऑगस्ट इ.स.पू. ४१३. अथेन्समधल्या साथीचं वर्णन तर त्याने स्वतः आजारी पडून उठल्यावर केलंय. पण क्लिऑन या पुढाऱ्याचं नाव आलं की त्याची लेखणी एकदम तिखट होते, तिथे मीठ आपण घालायचं.

झेनोफॉन हा तिसरा ग्रीक इतिहासकार पुढे वाचायला घ्याल तर एकच सांगते, त्याच्याकडे थापा कमी आणि गाळलेल्या जागा जास्त. थीब्जने स्पार्टाचं कंबरडं मोडलं, मेसिनियाच्या लोकांना शेकडो वर्षांच्या गुलामीतून सोडवून शहर वसवून दिलं, एवढी मोठी गोष्ट, आणि स्पार्टाप्रेमी झेनोफॉन त्याच्या ग्रीक इतिहासात त्या शहराच्या स्थापनेवर गप्प. ते आपल्याला दुसऱ्यांकडून कळतं. म्हणून कुठलाही एकच लेखक धरून बसू नका.

कट्ट्यातल्या बायकांना हे सगळं फार लांबचं वाटत असेल तर एक रविवार मेगॅस्थेनिसला द्या, मी खात्रीने सांगते रंगेल. ग्रीक राजा सेल्युकसचा राजदूत म्हणून हा चंद्रगुप्त मौर्याकडे पाटलीपुत्राला आला होता. त्याचं पुस्तक हरवलंय, आपण वाचतो ते स्ट्रॅबो, एरियन, डायोडोरस यांनी नंतर घेतलेले उतारे, आणि त्यात स्ट्रॅबो त्याला खोटारडा म्हणतो आणि वर त्याचेच उतारे देतो! या मेगॅस्थेनिसने लिहिलं, भारतात तोंड नसलेली माणसं आहेत आणि ती फळाफुलांच्या, भाजलेल्या मांसाच्या वासावर जगतात. हे अर्थात कोणीतरी त्याला ऐकवलेलं. त्याने लिहिलं, भारतात गुलाम नाहीत. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात दासांचे नियम आहेत, अशोकाच्या लेखांतही दासांशी नीट वागा असं येतं, म्हणजे हे चूक, पण घरी पाहिली तसली गुलामगिरी त्याला इथे दिसली नसेल, असं मला वाटतं. आणि त्याने लिहिलं, पाटलीपुत्राला लाकडी तटबंदी आहे, ६४ दरवाजे, ५७० बुरूज. पाटण्याला बुलंदीबागेत खणलं तेव्हा जाडजूड लाकडी तट खरोखरच निघाला. दरवाजे कोणी मोजले नाहीत, पण तट होता. वर सगळ्यात भारी गोष्ट, १७९३ मध्ये विल्यम जोन्सने ओळखलं की ग्रीकांचा सँड्रोकोटस म्हणजे आपला चंद्रगुप्त, आणि त्या एका खुंटीला प्राचीन भारताच्या तारखा टांगल्या गेल्या. सगळ्या ग्रीकांना थापाडे म्हणून टाकून दिलं तर चंद्रगुप्ताचा काळ ठरवताना भाच्याची पंचाईत होईल, त्याला हळूच विचारा.

सिकंदराचंही असंच, त्याच्यावरचा सगळ्यात 'भरवशाचा' मानला जाणारा एरियन हा सिकंदरानंतर चारशेहून जास्त वर्षांनी लिहितो, आणि सिकंदराचा सरदार टॉलेमी याच्या लिखाणावर विश्वास का ठेवला याचं कारण देतो की तो राजा होता, राजाला खोटं बोलणं जास्त लाजिरवाणं. यावर मी काही बोलत नाही. त्याच एरियनने गॉगामेलाच्या लढाईत तिसऱ्या डरायसचं (बेहिस्तूनवाला नव्हे) पायदळ दहा लाख दिलंय. पण बॅबिलोनचे ज्योतिषी रोजच्या आकाशाची नोंद मातीच्या पाट्यांवर करत, त्या पाट्या आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत, आणि त्यातल्या एकीवर, आपल्या हिशेबाने ११ जून इ.स.पू. ३२३ च्या जागी, राजा (म्हणजे सिकंदर) वारला एवढंच आहे आणि पुढे ढगांची नोंद. ना शोक, ना स्तुती. अशी कोरडी नोंद मिळाली की एरियनचे दहा लाख बाजूला ठेवून त्याच्या तारखा मात्र ताडता येतात.

तर आता कामाचं. हिरोडोटस बंद करू नका, थुसिडिडीज जोडीला घ्या. गोष्ट सांगताना 'असं झालं' च्या जागी 'हिरोडोटस सांगतो की' म्हणायला लागा, एवढ्याने निम्मं भांडण संपतं. सांगताना नंबर पण सांगा. या सगळ्या ग्रंथांना पुस्तक आणि प्रकरणाचे नंबर ठरलेले आहेत आणि बऱ्याचशा आवृत्त्यांत तेच असतात, तुमचे ते बावन्न लाख सातव्या पुस्तकात १८६ वर आहेत. यापुढे ग्रुपवर कोणीही व्हिडिओ टाकला की शांतपणे विचारायचं, कितवं पुस्तक, कितवं प्रकरण? नंबर आला तर सगळ्या मिळून उघडून वाचायचा, नाही आला तर चहा घ्यायचा. संक्षिप्त आवृत्ती वापरत असाल तर बदला, कारण संक्षेप करणारे नेमकं ते 'मी काही मानत नाही' गाळतात. आणि ज्यांना इतिहासकारांचा हा अभिनिवेशच नको वाटतो त्यांच्यासाठी पेरिप्लस म्हणून एका ग्रीक व्यापाऱ्याची वही आहे, पहिल्या शतकातली, त्यात आपलं कल्याण आहे, पैठण भडोचपासून वीस दिवसांवर आणि तिथून पुढे दहा दिवसांवर तगर म्हणजे आपलं तेर. त्याला कोणाची कीर्ती गायची नव्हती, माल कुठे काय भावाने जातो एवढंच बघायचं होतं.

माफीचं म्हणाल तर हिरोडोटसच्या वतीने तुम्ही कशाला मागताय? बावन्न लाख हा आकडा तुम्ही खरा म्हणून सांगितलात, तेवढं एक वाक्य दुरुस्त करा, दोन मिनिटं पुरतात. आणि भाच्याला परत बोलवा, नुसतं दारातून बोलू देऊ नका, आत बसवा. हॉलच्या फरशीवर खडूने वर्तुळ काढा, मध्यापासून हातभर नाही, चांगलं सव्वा मीटर अंतर घ्या, सोळाच्या सोळा जणी त्यात खेटून उभ्या राहा, मग बाहेर, मग परत आत, आणि भाच्याला मोबाईलवर वेळ लावायला सांगा. डोरिस्कसला एका खेपेला अर्धा तास धरला तरी १७० खेपांना ८५ तास होतात. तुमच्या एका खेपेला किती लागला ते मला कळवा, गुडघेदुखीवाल्यांना सूट देऊन.